गुण ज्याचा, वही त्याची

पहाटे ५.३०

श्रावणात कडोलीला जायचं तर लवकर निघावं लागतं. बटाट्याची काढणी सुरू झाली की उजाडल्यावर घरात कुणी सापडत नाही, आणि शेतातल्या माणसाला हातातलं काम टाकून बोलायला लावणं बरं नव्हे. म्हणून पिशवी रात्रीच भरलेली असते. झाडं दाबायची लाकडी चौकट, दोरी, टिपकागद, ‘तरुण भारत’चे जुने अंक, कात्री, मराठी आणि कन्नड अशी दोन्ही भाषांतली संमतिपत्रं, आणि एक निळी वही. निळी वही गावाची. तांबड्या वह्या माझ्या पिशवीत कधीच नसतात. ज्यानं सांगितलं त्याच्या घरी त्या राहतात. मी तिथं बसून लिहिते आणि उठताना ठेवून येते.

मी बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत औषधी झाडांची माहिती लिहून घ्यायला जाते. आज मुख्य काम नवीन काही विचारण्याचं नाही. मागच्या खेपेला जे लिहिलं ते सांगणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. ह्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच, असं माझं मत झालं आहे.

सकाळी ७.००

बस शहराबाहेर पडली की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, रताळ्याचे वेल, भाजीचे मळे. मराठी वाचकांना कडोली ठाऊक आहे ती दर जानेवारीत भरणाऱ्या साहित्य संमेलनामुळं, ग्रंथदिंडीमुळं. लिहिण्यावाचण्याला मान देणारं हे गाव आहे. इथं वही घेऊन आलेल्या माणसाला कुणी दारातून परतवत नाही. माणसं चटकन विश्वास टाकतात, म्हणून आपणच दोन पावलं मागं राहून विचारावं लागतं.

स्टँडवर माझी विद्यार्थिनी उभी असते. ती ह्याच गावची. तिच्याशिवाय मी कुणाच्या उंबऱ्यावर जात नाही.

सकाळी ७.३०

मामा बांधावर वाट बघत होते. ते शेतकरी, आणि बैलांचे जाणते. बैलाचा खांदा सुजला, पोट फुगलं, खुराला जखम झाली की आसपासच्या वस्त्यांवरून त्यांना बोलावणं येतं. चालता चालता ते दाखवत जातात आणि आम्ही लिहीत जातो.

“हे बघा बाई, दगडीपाला. कोयता लागला की चुरगाळून लावायचा. रगत थांबतंय.”

दगडीपाला मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या संहितेत तो असण्याची शक्यता नाही. तरी आज महाराष्ट्र-कर्नाटकात शेतात काम करणाऱ्या कितीतरी माणसांच्या हाताला जखमेवर तोच पाला आधी सापडतो. परंपरा म्हटलं की आपल्याला हजारो वर्षांचं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. इथं बांधावर एक परदेशी तण आलं, कुणीतरी ते जखमेला लावून बघितलं, गुण आला, आणि ते घराघरांत गेलं. लोकांचं ज्ञान चालतं आहे, वाढतं आहे, हे ह्या एका पाल्यावरून मला पटतं.

पुढं निरगुडी लागली. मामांच्या घरी तिला निरगुडीच म्हणतात. त्यांच्या बायकोचं माहेर कन्नड मुलखातलं, ती लक्की म्हणते. वहीत दोन्ही नावं जातात, आणि कुणाच्या तोंडचं कुठलं तेही. मग भुईआवळी. इथं मी थांबते. पानाच्या शिरेखाली बारक्या आवळ्यांची रांग असलेली दोन-तीन जातींची झाडं एकाच बांधावर उगवतात आणि वरवर सारखीच दिसतात. मामा त्यांतलं एकच घेतात, दुसऱ्याला हात लावत नाहीत. का, ते बोटानं दाखवतात: ह्याचं देठ तांबूस, त्याचं हिरवं. हा फरक नुसत्या नावानं वहीत येत नाही. त्यासाठी नमुना लागतो, फुलाफळासकट.

“घेऊ का मामा?”

“घ्या की. मूळ राहू दे पर.”

प्रत्येक झाडापाशी असंच विचारायचं. सकाळी एकदा होकार मिळाला म्हणजे दिवसभराचा परवाना मिळाला, असं मानायचं नाही. नमुना वर्तमानपत्रात पसरायचा, एक पान उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजू दिसते, आणि चिठ्ठी तिथंच लिहायची. घरी जाऊन आठवणीनं लिहिलेल्या चिठ्ठीवर माझा भरवसा नाही.

ओळख चुकली तर काय होतं ते आपण नुकतंच बघितलं आहे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ देऊ नका, असं लोकांना बजावलं. वाद वैद्यांचा आणि डॉक्टरांचा, त्यात मी पडत नाही. पण कुठल्या वेलीचा काढा प्याला हे सांगायला कुणाकडे नमुनाच नसेल, तर वाद मिटायचा कसा?

बांधाच्या शेवटच्या टोकाला मामा उभे राहिले. “हितं माका असायचा. डोक्याला तेल त्याचंच करायची आमची आई.” आता तिथं करपलेली जमीन आहे. शेजारच्या वाटेकऱ्यानं तणनाशक मारलं. माका, कुर्डू, आघाडा, भुईआवळी, ही सगळी शेताच्या हिशेबात तणंच. बांध बारीक होत चालले, कुंपणाला निरगुडीच्या जागी तारा आल्या, शहराच्या बाजूची शिवारं प्लॉटात गेली. जुनी माणसं गेली म्हणून ज्ञान गेलं, असं आपण म्हणतो. माणूस अजून उभा आहे आणि त्याच्या पायाखालचं झाडच गेलं, हेही रोज घडतं आहे. झाड दाखवता आलं नाही तर मामा नातवाला माका शिकवणार कसा?

सकाळी ९.३०

मामांच्या सोप्यावर भाकरी, झुणका, चहा. निघताना मी त्यांच्या हातात त्यांचा मोडलेला रोज ठेवते. माहितीचे पैसे ते घेत नाहीत, आणि मीही ते तसे देत नाही. औषधाचे पैसे घेतले की गुण जातो, असं इथं मानतात. पण माझ्याबरोबर फिरताना त्यांची सकाळ गेली, काढणीच्या दिवसांत गेली, त्याची भरपाई व्हायलाच हवी. हा फरक त्यांच्या घरातल्या सगळ्यांना समजावून सांगितला आहे.

सकाळी १०.३०

ग्रामपंचायत. निळ्या वहीची झेरॉक्स इथं द्यायची आणि पोच घ्यायची.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीनं लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची, असं ठरवलं. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायद्याच्या आधीच, नव्वदीच्या दशकात, ही कल्पना गावोगाव राबवून बघितली होती. कल्पना चांगलीच आहे. गावानं स्वतःच्या झाडापाल्याची आणि जाणत्या माणसांची नोंद स्वतः ठेवावी, आणि बाहेरच्यानं काही न्यायचं म्हटलं तर गावाला विचारावं.

घोळ झाला तो घाईनं. वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी काहीच झालं नाही, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, आणि त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. लवादाचा हेतू सरळ होता. पण जी वही करायला चारही ऋतू गावात घालवावे लागतात, ती काही ठिकाणी काही आठवड्यांत ‘पूर्ण’ झाली. एका गावची अशी वही मी चाळली आहे. त्या मुलखात न उगवणारी झाडं तिच्यात होती, आणि गावातल्या एकाही सुईणीचा उल्लेख नव्हता.

सदस्य विचारतात, “मॅडम, हे लिहून घेतल्यावर कायदा आमच्या पाठीशी आहे ना?” मी आहे तेवढंच सांगते. परदेशी कंपनीला परवानगी लागते. वैद्यांना आपला व्यवसाय करायला मोकळीक आहे. २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभातला वाटा देण्यातून सूट मिळाली, आणि ग्रंथबद्ध म्हणजे औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात नोंदलेल्या अधिकृत ग्रंथांतलं. एखाद्या आज्जीच्या तोंडचं औषध त्यात बसत नाही, म्हणजे त्यावरचा हक्क कागदोपत्री तरी शाबूत आहे. पण हा काढा ग्रंथातलाच आहे असं कंपनीनं म्हटलं तर नाही म्हणायला पुरावा गावाकडेच हवा. म्हणून पोच, तारीख आणि सही. सदस्यांनी शिक्का मारून दिला.

दुपारी १२.००

आज्जीचं घर. दिवसातला मोठा वेळ इथला.

आज्जी काविळीचं, लहान मुलांच्या पोटाचं आणि बाळंतिणीचं औषध देतात. पंचक्रोशीतून माणसं येतात. ट्रंकेतून रेशनकार्डाशेजारची तांबडी वही निघते. मी फोन पुढं ठेवला.

“ते डबडं बंद कर आदी.”

बंद केला. मागच्या खेपेला चालू ठेवायला त्यांनी होकार दिला होता. आज नाही, तर नाही.

मी वाचायला सुरुवात केली. झाड कुठलं, कुठला भाग, कुठल्या महिन्यात काढायचा, कसा वाटायचा. आज्जी डोळे मिटून ऐकतात. सून भिंतीला टेकून, नातसून दारात. मुलांच्या पोटाच्या औषधाला त्यांनी मान डोलावली, एक शब्द दुरुस्त केला: “उकळून न्हवं, कोमट.” एका शब्दानं औषध बदलतं. न वाचता छापलं असतं तर चूक माझ्या नावानं जगभर गेली असती आणि अपाय त्यांच्या नावावर जमा झाला असता.

काविळीच्या औषधापाशी त्यांनी हात वर केला.

“हे काढ.”

“सगळं?”

“झाडाचं नाव ऱ्हाऊ दे. ते सगळ्यास्नी ठाव हाय. कशात द्यायचं नि किती द्यायचं ते काढ. त्या दिवशी सांगून बसलो मी. आमच्या सासूनं मला सांगितलं तवा म्हटली हुती, एकालाच सांगायचं. चौघात सांगितलं की गुण जातंय.”

गुण जातो का, हे तपासायला मी इथं येत नाही. संशोधकाला ही अंधश्रद्धा वाटू शकते. मला त्यात एक जुना, नीट बांधलेला नियम दिसतो: प्रमाण ज्याला कळलं त्यानं रुग्ण बघून द्यावं, ऐकीव माहितीवर कुणीही देऊ नये. आणि हा नियम मला पटो वा न पटो, वस्तू त्यांची आहे. मी तांबड्या वहीतल्या आणि निळ्या वहीतल्या त्या ओळी शाईनं पूर्ण बुजवल्या, वाचता येणार नाहीत अशा, त्यांच्या समोर. पंचायतीतल्या प्रतीचं त्या पानाचं काय, असं नातसुनेनं विचारलं. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. तिथल्या प्रतीत हे पान मुळात दिलेलंच नव्हतं. वाचून दाखवल्याशिवाय आज्जीचं एकही पान मी पंचायतीत देत नाही.

मग कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर तिची लालपिवळी फुलं येतात आणि प्रत्येकजण फोटो काढतो. तिच्या कंदात कोल्चिसिन आहे, थोड्या मात्रेतही जीव जाऊ शकतो. जुन्या सुईणी अडलेल्या बाळंतपणात तो वापरत. आज्जींनी स्वतःच विषय काढला. “आता न्हाय वापरत. गाडी येती, दवाखान्यात धाडतो. पर कुणी वाचून करंल की गं.” निळ्या वहीत एवढंच राहिलं: विषारी आहे, पोटात घेऊ नये. उपयोगाचा रकाना रिकामा. पोट पाडायच्या औषधांबद्दल तर मी कुणाला विचारतच नाही, आणि आपण होऊन सांगितलं तरी लिहीत नाही. त्या माहितीनं एखाद्या मुलीचा जीव जाईल किंवा एखादी म्हातारी पोलिसात ओढली जाईल.

शेवटचा प्रश्न नावाचा. छापलं तर कुणाच्या नावानं?

“माझं नगं. सासूचं घाल.”

मला १६७८ साल आठवलं. त्या वर्षी आम्स्टरडॅमला ‘हॉर्टस मलाबारिकस’चा पहिला खंड निघाला. कोचीच्या डच गव्हर्नरानं, व्हान रीडनं, मलबारच्या झाडांवर बारा खंड काढले. पहिल्या खंडात मजकुराची ग्वाही देणारी पत्रं छापली आहेत: इट्टी अच्युतन वैद्याचं एक, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट ह्या तीन कोकणी वैद्यांचं, नागरी लिपीत. साम्राज्य डचांचं, पुस्तक लॅटिन, तरी सांगणाऱ्यांची नावं आज साडेतीनशे वर्षांनी वाचता येतात. त्यानंतरच्या कितीतरी पुस्तकांत मात्र ‘स्थानिक लोक वापरतात’ एवढ्यावरच भागवलं आहे. स्थानिक लोक म्हणजे कोण? कुणाची सासू? आज्जीच्या सासूचं नाव मी त्यांच्याकडून अक्षर न् अक्षर विचारून लिहिलं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.

संमतिपत्राचं नवं पान केलं. आज्जींनी सही केली. त्या सही करतात, अंगठा नाही. खाली कन्नड प्रतीवर नातसुनेनं साक्षीदार म्हणून केली.

दुपारी २.३०

विद्यार्थिनीच्या घरी आमटीभात. जेवताना तिनं विचारलं, “बाई, इतकं पुसायचं तर लिहायचंच कशाला?”

मी तिला हळदीची गोष्ट सांगितली. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघांना हळदीनं जखम भरण्याचं पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख. संस्थेनं आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पण आपल्या आयाबायांच्या हातची हळद तिथं पुरावा म्हणून चालली नाही. छापील लेख लागले, जुने संस्कृत ग्रंथ लागले, १९५३ चा वैद्यकीय नियतकालिकातला लेख लागला. पुढं २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, तेही ह्याच अनुभवातून. लिहून ठेवलं नाही तर दुसरा लिहील आणि आपलं म्हणेल.

तिला केरळच्या काणी लोकांचीही गोष्ट सांगितली. १९८७ मध्ये अगस्त्यकूडच्या डोंगरात शास्त्रज्ञांच्या वाटाड्यांनी एका झाडाची फळं खाल्ली आणि ते न थकता चालत राहिले. ते झाड आरोग्यपच्चा. त्यापासून ‘जीवनी’ हे औषध झालं, १९९५ मध्ये एका आयुर्वेदिक कंपनीला परवाना दिला गेला, परवाना शुल्क आणि स्वामित्वधन ह्यांतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं, १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त निधी झाला. जगभर आदर्श म्हणून ह्याचा दाखला देतात. पण काणींच्या काही वैद्यांनी, ज्यांना ते प्लाती म्हणतात, आक्षेप घेतला होता की हे ज्ञान विकायचं आम्हाला कुणी विचारलं? वाटाड्यांनी होकार दिला म्हणजे सगळ्या वस्त्यांनी दिला असं होत नाही.

“म्हणजे आपल्याकडं आज्जींनी हो म्हटलं तरी गावाला विचारायचं?”

“जे एकट्या आज्जींचं ते आज्जींना. जे सगळ्यांचं ते सगळ्यांना.”

“नि ते कोण ठरवणार?”

ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. म्हणून तर चारची बैठक.

दुपारी ४.००

काढणीवरून परतलेल्या बायका, मामा, दोन सदस्य, कॉलेजातली पोरं. देवळाच्या कट्ट्यावर. निळ्या वहीतलं काय छापायचं हे आज ठरवायचं. एकेका झाडाचं नाव वाचलं, आणि ज्याला हरकत असेल त्यानं बोलायचं.

अडुळसा, निरगुडी, दगडीपाला: छापा. शतावरीपाशी मामा उठले. काही वर्षांपूर्वी एक माणूस वजनावर मुळ्या मागत फिरला होता. पोरांनी चार दिवसांच्या पैशासाठी ओढ्याकाठच्या वेली खणून काढल्या, परत तिथं शतावरी आली नाही. “नाव घाला. जागा घालू नका.”

पश्चिमेला आंबोली-चंदगडच्या बाजूला नरक्याच्या झाडांचं असंच झालं. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी ह्या शास्त्रज्ञांनी चीनमधल्या एका झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरचं द्रव्य शोधलं, पुढं ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडलं. त्यापासून बनलेली औषधं आज हजारो रुग्णांना जगवतात, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मागणी वाढली तशी जंगलांतून नरक्याची झाडं तोडून चोरट्या मार्गानं बाहेर जाऊ लागली. कुठल्या झाडात काय आहे हे जगाला कळलं, आणि त्या रानातल्या माणसाला मिळाली ती तोडीची मजुरी. म्हणून आमच्या वहीत दुर्मीळ झाडाची जागा नसते. फोटो काढतानासुद्धा फोनमधली ठिकाणाची नोंद बंद असते.

एक बाई म्हणाल्या, पुस्तक कशाला, शाळेच्या आवारात ही झाडं लावू, म्हणजे पोरांना दिसतील. ह्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. माक्याला ओल लागते, तो नळाजवळ. निरगुडी कुंपणाला. पाणी सुट्टीत कोण घालणार ह्यावर थोडी वादावादीही झाली. मामांनी रोपं आणायचं कबूल केलं. पुस्तिकेचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

रात्री ८.३०

घरी आल्यावर नमुन्यांचे कागद बदलायचे. पावसाळ्यात एक रात्र चुकली तर बुरशी धरते. मग निळ्या वहीत प्रत्येक नोंदीसमोर खूण: सर्वांसाठी, गावापुरतं, घरापुरतं. घरापुरत्या नोंदींचा तपशील माझ्या संगणकात ठेवत नाही. मागच्या खेपेच्या ध्वनिमुद्रणातला काविळीच्या औषधाचा भाग आज काढून टाकला, दुसऱ्या प्रतीतूनही, आणि तसं विद्यार्थिनीला कळवलं, म्हणजे ती आज्जींना सांगेल.

तिचा उलटा निरोप आला. आज्जींनी नातसुनेला काविळीचं औषध शिकवायचं ठरवलं आहे, येत्या रविवारी, उजाडायच्या आत, झाडापाशी नेऊन. वहीतलं वाचून दाखवताना आपण किती म्हाताऱ्या झालो हे जाणवलं, असं त्या म्हणाल्या म्हणे. बाईंना सांग, त्या दिवशी येऊ नका.

रविवारचं कडोली मी कॅलेंडरवरून काढलं आणि तिथं पेपर तपासणी लिहिली.